हिवरबेटची रिकामी गादी

१

श्रीनिवासच्या घरात दिवस उजाडायचा तो नळाच्या तंत्रानं. पाणी येणार असेल त्या दिवशी सणासारखी धांदल, आणि नसेल त्या दिवशी सुतक. चिकलठाण्याच्या त्यांच्या सोसायटीत आठवड्यातून एकदा पाणी सुटायचं, तेही त्याच्या मनात आलं तर. नाथसागर काठोकाठ भरलेला, पेपरात धरणाचे दरवाजे उघडल्याचे फोटो, आणि इकडं शहरात लोक बादल्या घेऊन टँकरच्या मागं. आडात आहे पण पोहऱ्यात येत नाही, अशी ही उलटी तऱ्हा. शहराला तिची इतकी सवय झालेली की आता कुणी चिडायच्याही भानगडीत पडत नसे.

त्या दिवशी टाकी कोरडी होती. चारुतानं जारच्या पाण्यावर चहा केला आणि श्रेयाला ओल्या टॉवेलनं पुसून शाळेसाठी उभी केली. कंपनीची बस यायची वेळ झालेली. श्रीनिवास मोजे घेऊन हॉलमध्ये आला आणि तखतावर टेकता टेकता सवयीनं थांबला. तखतावर काळी घोंगडी घडी घालून ठेवलेली होती. तिच्यावर घरात कुणी बसत नसे. त्यानं नुसता हात टेकवून तोल सावरला.

घोंगडी ओली होती.

दमट म्हणावी तशी नव्हे, चांगली ओली. तळहात दाबला तसं बोटांच्या मधून पाणी वर आलं. त्याला नदीकाठच्या गाळाचा वास होता.

"श्रेया, बाटली सांडलीस का इथं?"

"मी नाही." सात वर्षांची श्रेया बुटाचा पट्टा लावत होती. "मी तिकडं जातच नाही."

"का गं?"

"विचारल्याशिवाय जायचं नसतं ना," ती म्हणाली, आणि दप्तर घेऊन निघाली.

श्रीनिवासनं वर बघितलं. छत कोरडं होतं. वरच्यांचा कूलर गळत असेल, असं त्यानं मनाशी ठरवलं, जरी कूलरचे दिवस कधीच सरले होते. घरात प्यायला पाणी नाही आणि घोंगडी पिळावी तर तांब्याभर निघेल, हे काही केल्या जुळत नव्हतं. पण खाली बसचा हॉर्न वाजला, आणि नोकरदार माणसाला घाबरायलासुद्धा सवड काढावी लागते.

२

आता या घोंगडीचं सांगायला हवं. श्रीनिवासला स्वतःला ते सांगायची पाळी आली की कानाच्या पाळ्या तापत.

पैठणच्या वरच्या अंगाला, गोदावरीच्या पात्रात, हिवरबेट नावाचं बेट होतं. या टोकाला हाक मारली तर त्या टोकाला ऐकू जाई, एवढाच त्याचा जीव. वर मूठभर घरं, हिवराची झाडं आणि एक राव. 'हिवरबेटचे राव' हा किताब बापाकडून लेकाकडं जायचा. ना फौज ना खजिना, पण बेटावर चालायचा तो रावाचा शब्द. त्याच्या शब्दावाचून नाव सुटायची नाही. बाहेरचं माणूस काठाला लागलं तरी त्यानं नावेतच बसून राहायचं. रावाच्या घरातलं एखादं पोर आत विचारून यायचं, मग पाहुण्यानं उतरायचं. निजामाचा तहसीलदारसुद्धा भर उन्हात तसा ताटकळला होता, ही घराण्याची लाडकी गोष्ट. तहसीलदाराला विचारलं असतं तर त्यानं ती वेगळी सांगितली असती.

किताब या घराण्यात आला कसा, तेही सांगितलं जाई, पण भराभर. फार मागं एका महापुरात तेव्हाचा राव वाहून गेला. त्याच्या धाकट्या भावानं बेटावरची माणसं वाचवली, म्हणून गादी त्याच्याकडं आली. तोच यांचा मूळ पुरुष. बाकी सगळ्या गोष्टी चवीनं सांगणारे श्रीनिवासचे वडील, त्याचे आबा, गावाचे काकासाहेब, एवढीच गोष्ट घाईनं उरकायचे.

पुढं धरण झालं आणि अख्खं बेट पाण्याखाली गेलं. माणसं बिडकीनकडं, शहराकडं पांगली. राज्य बुडालं, किताब तेवढा तरंगत राहिला. काकासाहेबांनी जन्मभर जिनिंगमध्ये कारकुनी केली, आणि संध्याकाळी धोतर नेसून ते, आधी भाड्याच्या खोलीत आणि पुढं श्रीनिवासच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, त्या घोंगडीवर बसायचे, कारण ती घोंगडी म्हणजेच गादी. दसऱ्याला बेटावरची म्हातारी माणसं सोनं घेऊन यायची आणि दारातून मुजरा करायची. शेजारची दारं किलकिली व्हायची. शाळेत पोरं विचारायची, "काय रे राव, तुमचं राज्य कुठंय? नळाला येतं का?" श्रीनिवासनं मित्रांना घरी आणायचं सोडलं ते तेव्हापासून.

गादीची रीत मात्र कडक होती. ती मालकावाचून ठेवायची नाही. राव गेला की मयत उचलायच्या आधी लेकानं गादीवर बसायचं, आणि गादीसमोर त्याच्या तोंडून निघेल तो पहिला शब्द हा त्याचा पहिला हुकूम. तो फिरत नाही. त्याला स्वतःलाही तो फिरवता येत नाही. काकासाहेबांचा पहिला शब्द होता, "सगळ्यांना पाणी द्या." म्हणून टाकी कोरडी असली तरी त्यांच्या दारातून कुणी तहानलेलं गेलं नाही. चारुता यावरून कितीदा कुरकुरली होती.

३

काकासाहेब श्रावणात गेले. दुपारी जेवता जेवता, कुणाला त्रास न देता.

हॉलमध्ये त्यांना निजवलेलं. बेटावरची माणसं भिंतीला पाठ लावून बसलेली. श्रीनिवासच्या कंपनीतले साहेब आणि दोघं-तिघं सहकारी फ्रीजजवळ अवघडून उभे. तेवढ्यात कडुबा पुढं झाला. कडुबाचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या रावांच्या नावेवरचं. नाव गेली, नदी गेली, तरी हा काकासाहेबांसमोर कधी खुर्चीवर बसला नाही.

"दादा, गादीवर बसा," तो हळूच म्हणाला. "उचलायची येळ झाली."

"क्या है, कोई रस्म है?" साहेबांनी सहकाऱ्याला विचारलं. सहकाऱ्यानं ओठ दाबले. ते हसू होतं की नव्हतं, हे श्रीनिवासला आजही सांगता येणार नाही. पण त्याला ते दिसलं. उद्या कॅन्टीनमध्ये 'राजेसाहेब आले' होणार, हेही दिसलं. अंगातून एक गरम लाट गेली आणि तो बोलून गेला.

"बंद करा आता हे, कडुबा. आबा गेले, संपलं. ज्याला बसायचंय त्यानं बसावं."

कुणीतरी रडत होतं ते थांबलं.

"दादा, आसं म्हनू नये."

"म्हटलं तर काय होतं?"

कडुबानं डोक्यावरची टोपी काढली आणि दोन्ही हातांत धरली. "पयला शबुद हाय तुमचा," तो म्हणाला.

मग बेटावरची माणसं एकेक करून उठली आणि बाजूला सरकली. दारापासून तखतापर्यंत माणूसभर वाट मोकळी झाली. सगळ्यांच्या माना खाली. तिरडीसाठी वाट केली असेल, असं श्रीनिवासनं समजून घेतलं. तिरडी तर खाली पार्किंगमध्ये बांधत होते.

बाप पुढ्यात निजलेला असताना आपल्याला बापाची लाज वाटली. या गोष्टीनं त्याला नंतर कितीतरी रात्री झोप लागू दिली नाही. घोंगडी तो माळ्यावर टाकणार होता, तेही झालं नाही. ती जागच्या जागी राहिली, आणि तिच्याकडं बघायचं नाही एवढंच त्याला जमलं.

४

घोंगडी ओली सापडली त्यानंतर थोड्याच दिवसांनी दसरा आला. दुपारी बेल वाजली. दारात कडुबा एकटाच, हातात आपट्याची पानं.

"या ना आत," श्रीनिवास म्हणाला. या वेळी त्याला खरोखरच बरं वाटलं होतं. यंदा कुणी येणार नाही असं त्यानं धरलं होतं, आणि तसं धरल्यावर घर भकास वाटत होतं.

कडुबा आत आला नाही. त्यानं श्रीनिवासच्या खांद्यावरून पलीकडं बघितलं, कमरेत वाकला आणि मुजरा केला. मग तसाच वाकून थांबला. श्रीनिवास दोनदा 'या' म्हणाला. कडुबा हलला नाही. आणि मग, कुणी काही बोललं नसताना, मान डोलवून आत आला. पानं दोन्ही हातांनी घोंगडीच्या कडेला ठेवली. नजर जमिनीवर. उरलेलं एक पान त्यानं श्रीनिवासच्या हातात दिलं.

"घ्या. तुमालाबी."

काकासाहेबांच्या घरात काकासाहेबांच्या लेकाला 'तुमालाबी'! चारुतानं पाणी आणलं ते न पिता म्हातारा निघाला. श्रीनिवासनं त्याला जिन्यात गाठलं.

"कडुबा, मुजरा कुणाला केलात?"

"गादीला."

"गादीवर कुणी आहे का?"

म्हातारा कठडा धरून उभा राहिला. त्याला पळून जायचं होतं हे स्पष्ट दिसत होतं. "तुमीच म्हनले ना दादा, ज्याला बसायचंय त्यानं बसावं. एकालाच तर बसायचं व्हतं. लई दिसांपासून."

"कुणाला?"

"तुमच्या खापरपंज्याच्या थोरल्या भावाला." कडुबा आवाज खाली आणून बोलू लागला. "पूर चढला तवा राव बेटावर बसून व्हते. गादी सोडून उठायचं नाय म्हनले. धाकल्यानं आधी गादीच उचलली. 'ही भिजंल, ही पोचती करतो' म्हनला. 'थांबा दादा, मी आलोच परत' म्हनला. राव थांबले."

"मग पाणी वाढलं. नाव नेता आली नाही. आबा हेच सांगायचे."

"आमच्या खापरपंज्यानं वल्हं हातात धरलं व्हतं. राव दिसत व्हते, हात वर करून. धाकला काठावर त्या घोंगडीवर बसला अन् पयला हुकूम दिला, नाव सोडायची नाय." कडुबानं डोळे पुसले. "आमीबी सोडली नाय, दादा. हुकूम व्हता. तवापासून ती गादी मोकळी ठेवत न्हवते. का, ते समद्यांना ठावं व्हतं. बोलत न्हवतं कुनी."

तो एकेक पायरी उतरत गेला. श्रीनिवास हातात आपट्याचं पान घेऊन तिथंच उभा राहिला. भीती नंतर आली. आधी आली ती लाजच, आणि ती जुन्या लाजेसारखी नव्हती. किताब हास्यास्पद आहे म्हणून तो आजवर लाजला होता. तो चोरीचा आहे, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

५

श्रीनिवास इंजिनिअर माणूस. त्यानं घोंगडी उन्हात टाकली. वाळली आणि तखतावर आल्यावर पुन्हा भिजली. त्यानं भिंतीतला पाइप तपासायला प्लंबर आणला. त्या भिंतीत पाइपच नव्हता. म्हातारा रडवेला होऊन सांगतो ते सगळं खरंच असतं असं नाही, हेही त्यानं स्वतःला बजावून पाहिलं.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी तो आरशासमोर दाढी करत होता. हॉलमधून चारुताचा आवाज आला, "अहो, चहा ठेवलाय."

त्याला हसू आलं. कॉलेजपासूनची ओळख; लग्नात भटजींसमोरसुद्धा तिनं त्याला 'अरे' म्हटलेलं. "आज एकदम अहो?" त्यानं ओरडून विचारलं.

"तुला नाही म्हटलं," ती म्हणाली.

तो फेस पुसत बाहेर आला. चहाचा कप तखताच्या कडेला, घोंगडीजवळ. चारुता तोंडावर हात धरून उभी होती.

"मला कळत नाही काय होतंय," ती म्हणाली. "तिथून जाताना मी ओढणी सारखी करते. माझ्याच घरात. कुणीतरी वडीलधारं बसलेलं असावं तसं वाटतं."

"भीती वाटते?"

"नाही ना. तेच तर." ती त्याच्याकडं न बघता बोलत होती. "तू समोर आलास की अवघडायला होतं. त्यांच्यासमोर मला तुझी लाज वाटते रे."

ती स्वयंपाकघरात निघून गेली. बरोबरीच्या माणसाचं हे बोलणं त्याच्या जिव्हारी लागलं. हे घर हप्ते भरून त्यानं उभं केलेलं, ही बायको त्यानं घरच्यांशी भांडून आणलेली, ही मुलगी त्याची. आपण इथून पुसले जातोय असं त्याला वाटलं, आणि गादीवर बसायचं आपण तेव्हा टाळलं तेच आता भोवतंय, असंही वाटलं. मग आता बसू. उशिरानं का होईना.

शनिवारी दुपारी चारुता श्रेयाला घेऊन माहेरी सिल्लोडला गेली. श्रीनिवासनं अंघोळ केली, आबांचं धोतर नेसलं. ते नीट नेसता येईना म्हणून त्याला रडू फुटलं. तो तखतापाशी गेला, "चुकलं माझं" म्हणाला, आणि डोळे मिटून घोंगडीवर बसला.

खाली घोंगडीचा खरखरीतपणा नव्हता. लाकूडही नव्हतं. लहानपणी दसऱ्याला आबा त्याला गादीवर घ्यायचे तेव्हा बसायला जे मिळायचं, तेच होतं. मांडी.

गार, ओली मांडी. तो बसला तशी ती जरा सरकली, मूल नीट बसावं म्हणून मोठं माणूस सरकतं तशी. आणि पाठीमागं कुणीतरी श्वास आत घेतला. त्यात पाणी खुळखुळलं.

सांगायची लाज वाटावी अशी गोष्ट ही, की तो लगेच उठला नाही. क्षणभर त्याला बरं वाटलं. आबा गेल्यापासून पहिल्यांदाच बरं वाटलं. मग त्याच्या पोटाभोवती काहीतरी हलकेच आवळलं गेलं, तेव्हा तो किंचाळत उठला आणि अनवाणी जिन्यानं खाली पळाला. पार्किंगमध्ये पोरं क्रिकेट खेळत होती. सुटलेलं धोतर सावरत धावणारा इंजिनिअर बघून ती हसली.

६

चारुता आणि श्रेया परत आल्या. त्यानं काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय, आणि कुणाला! घरात आता तो आवाज न करता वावरायचा, टीव्ही लावायचा नाही, हॉलमधून जाताना भिंतीच्या कडेनं जायचा. चारुता त्याला ताट वाढायची, पण आतल्या खोलीत. श्रेया त्याच्याशी बोलायची, पण पाहुण्यांशी बोलतात तसं, कविता म्हणून दाखवू का असं विचारून. तो जास्तीचा वेळ कंपनीत काढू लागला. माणूस हळूहळू कशालाही सरावतो.

एका संध्याकाळी तो बसमधून उतरला, श्रेयासाठी पेरू घेतले आणि जिना चढला. खिशात किल्ली होती. तरी त्यानं बेल वाजवली. किल्लीनं दार उघडणं बरं दिसणार नाही, असं त्याला वाटलं होतं.

आत नळ सुरू होता. आज पाण्याचा दिवस नव्हता.

दार श्रेयानं उघडलं. फक्त तिच्या खांद्याएवढं. तिचे केस डोक्यावर चप्प बसलेले, ओले, कुणीतरी माथ्यावरून हात फिरवत असावं तसे.

"कोण पाहिजे?"

"श्रेया, मी. बाबा आहे गं मी."

ती त्याच्याकडं बघून हसली. गोड, शहाण्या मुलीचं हसू. त्यात ओळख नव्हती.

तिच्या डोक्यावरून त्याला तखताची एक कड दिसत होती. चेहरा दिसत नव्हता, तो दाराच्या आड होता. गुडघा दिसत होता. गुडघ्यावर श्रीनिवासचाच घरचा पायजमा, घोट्यापर्यंत निथळणारा. आणि गुडघ्यावर टेकलेला हात. फार वेळ पाण्यात खेळलं की पोरांची बोटं पांढरी पडून सुरकुततात, तशी त्याची कातडी होती, बोटांपासून मनगटापर्यंत, आणि वरही. हात शांत होता. त्याला कसली घाई नव्हती.

"अहो, आत्ताच वाढू की थांबताय?" स्वयंपाकघरातून चारुता म्हणाली. कुणी उत्तर दिलेलं श्रीनिवासला ऐकू आलं नाही. पण चारुता हसली. कितीतरी दिवसांत ती अशी हसली नव्हती.

त्यानं पेरूची पिशवी पुढं केली. दार ढकलून आत जावं, पोरीला उचलावं, ओरडावं, हे सगळं त्याच्या मनात आलं. पण त्या हातासमोर त्याची मान आपोआप खाली गेली. त्याच्या खापरपणज्यानं केलं ते या माणसाला ठाऊक होतं, आणि त्यानं स्वतः बापाच्या मढ्यासमोर केलं तेही. कोणत्या तोंडानं आत जाणार!

"मी आत येऊ का?" त्यानं विचारलं.

"विचारून सांगते," श्रेया म्हणाली. पिशवी तिनं घेतली नाही. "तुम्ही थांबा हं इथंच. मी आलेच परत."

दार लागलं.

समोरचे काका जिना चढत होते. "काय राव, बाहेर? किल्ली विसरलात वाटतं," ते म्हणाले. "हो ना," म्हणून श्रीनिवास हसला, कारण खरं सांगायची लाज वाटली. काका आपल्या घरात गेले. आतला नळ चालूच होता.

परत येतो म्हणून गेलेलं माणूस परत येतं की नाही, हे त्याच्या घराण्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी तो पायरीवर बसला, दाराकडं तोंड करून, आणि थांबला.